मोठी गाठ, उथळ मूळ: अन्ननलिकेच्या एका दुर्मीळ कर्करोगाचं प्रकरण

‘डॉक्टर, गाठ ९ सेंटीमीटरची आहे म्हणतात. म्हणजे फार उशीर झालाय का?’

रुग्णाच्या मुलाने हे सर्जनला विचारलं होतं. उत्तर मात्र माझ्या सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडमधून यायचं होतं, आणि त्या दिवशी मलाही ते ठाऊक नव्हतं. मी पॅथॉलॉजिस्ट. रुग्णाला मी सहसा भेटत नाही. त्याच्या शरीराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा मला भेटतो. या प्रकरणात त्या तुकड्यांनी आधी मला चुकवलं, मग बरंच शिकवलं.

एक गोष्ट आधीच सांगतो. यातला रुग्ण म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. या गाठीत जे घडतं ते एका आजारपणाच्या क्रमात बसवलं आहे, म्हणजे शिकणाऱ्याला धागा धरून चालता येईल. चाचण्यांची आणि संशोधनाची माहिती आहे तशीच ठेवली आहे.

तक्रार

वय ६३, पुरुष. ३५ वर्षं सिगारेट आणि सोबत मद्यपान. दोन्ही ४ वर्षांपूर्वी सोडलेलं. ६ आठवड्यांपूर्वी कोरडा घास छातीच्या मध्यावर अडकू लागला. तिसऱ्या आठवड्यापासून फक्त पातळ पदार्थ उतरत होते. वजन ६ किलोंनी घटलेलं. आवाज बसलेला नाही, पाठीत दुखणं नाही, पाणी पिताना ठसका नाही.

इथे क्षणभर थांबायला हवं. अन्ननलिकेचा नेहमीचा कर्करोग भिंतीत पसरत नळीला हळूहळू आवळतो. नळी लवचिक असल्यामुळे अर्ध्याहून अधिक वाट बंद होईपर्यंत बऱ्याच लोकांना काही जाणवत नाही. जाणवतं तेव्हा रोग बहुधा भिंतीच्या आरपार गेलेला असतो. या गृहस्थांना मात्र काही आठवड्यांतच घास उतरेनासा झाला होता. इतक्या झपाट्याने वाट बंद होते तेव्हा नळीच्या पोकळीत काहीतरी वाढत असण्याची शक्यता मनात ठेवावी. ही गोष्ट मला नंतर सुचली, आधी सुचायला हवी होती.

दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा समोरच्या दातांपासून २८ सेंमीवर एक गुळगुळीत, लालसर, मध्ये मध्ये पांढुरक्या साक्याने झाकलेला गोळा दिसला. तो ३७ सेंमीपर्यंत खाली लोंबत होता. पोकळी जवळजवळ भरलेली, तरी कडेने पातळ दुर्बीण सरकत होती. एंडोस्कोपी करणाऱ्या सहकाऱ्याने अहवालात लिहिलं होतं: ‘गाठ हलते.’ या दोन शब्दांचं मोल मला नंतर कळलं.

तीन बायोप्सी

पहिल्या बायोप्सीत सडलेल्या पेशी, फायब्रिन आणि पू यांपलीकडे काही नव्हतं. असे लोंबते गोळे पृष्ठभागावर घासले जातात आणि तिथे व्रण होतो. चिमटा वरवर लावला की त्या व्रणाचा साकाच हाती येतो.

दुसऱ्या बायोप्सीत पेशी मिळाल्या, आणि तिथेच मी घसरलो. टकळीसारख्या दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी, एकमेकींत गुंतलेले जुडगे, वेडीवाकडी मोठी केंद्रकं, भरपूर विभाजनं. या पेशींना आम्ही स्पिंडल पेशी म्हणतो. पेशींची जात ओळखायला आम्ही त्यांच्यातल्या प्रथिनांना रंग लावतो. पहिल्या फेरीत अस्तराच्या पेशींची खूण असलेल्या केराटिनचा रंग आला नाही, व्हिमेंटिनचा भरपूर आला, स्मूथ मसल अ‍ॅक्टिनचा थोडा आला. मी तात्पुरता अहवाल लिहिला: ‘सार्कोमा, स्नायूजन्य असण्याची शक्यता अधिक.’ सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी, हाड अशा ऊतींतून निघणारा कर्करोग; अस्तराच्या पेशींतून निघतो तो कार्सिनोमा.

व्हिमेंटिन जवळजवळ प्रत्येक स्पिंडल पेशीत रंगतं, त्यावरून जात ठरत नाही. अ‍ॅक्टिनचंही तसंच आहे. साधा मायोफायब्रोब्लास्टही ते दाखवतो. केराटिन न रंगणं, तेही इवल्याशा तुकड्यात, फार काही सिद्ध करत नाही. मुळात अन्ननलिकेत खरा सार्कोमा अतिशय विरळा असतो. या वयात, इतक्या वर्षांच्या धूम्रपानानंतर, अन्ननलिकेत स्पिंडल पेशींचा दुष्ट गोळा दिसला की आधी कार्सिनोमाचं रूपांतर शोधायचं आणि ते हरेक प्रकारे नाकारता आलं तरच सार्कोमा म्हणायचं. हा क्रम मी उलटा लावला होता.

दुसऱ्या दिवशी पूर्ण संच लावला. डेस्मिन आणि एच-काल्डेस्मॉन नकारात्मक, म्हणजे स्नायूचा सार्कोमा मागे पडला. सीडी११७ आणि डॉग-१ नकारात्मक, म्हणजे जिस्ट (पचनमार्गाच्या भिंतीतला एक सार्कोमा) नाही. एस१००, सॉक्स१० आणि एचएमबी४५ नकारात्मक, म्हणजे मेलॅनोमा (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग) नाही. अन्ननलिकेत तोही पोकळीत लोंबणारा गोळा होऊन येऊ शकतो. एमडीएम२ जनुकाच्या प्रती वाढलेल्या नव्हत्या. ही चाचणी इथे का, असं विद्यार्थी विचारतात. अन्ननलिकेतल्या ज्या प्रचंड लोंबत्या गोळ्यांना पूर्वी ‘फायब्रोव्हॅस्क्युलर पॉलिप’ म्हणून निरुपद्रवी समजत, त्यांतले बरेच प्रत्यक्षात लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीचे सार्कोमा, असल्याचं अलीकडच्या वर्षांत दिसून आलं आहे. म्हणून मोठा लोंबता गोळा आला की एमडीएम२ पाहून घ्यावं.

मग पी४० पाहिलं. हे स्क्वॅमस, म्हणजे अन्ननलिकेच्या अस्तरातल्या चपट्या, पेशींच्या केंद्रकात रंगतं. संपूर्ण तुकड्यात जेमतेम दहा-बारा स्पिंडल पेशींची केंद्रकं तपकिरी झाली होती. तेवढी मला पुरेशी होती. मी एंडोस्कोपी करणाऱ्या सहकाऱ्याला फोन केला आणि दोन गोष्टी मागितल्या: तुकडा गोळ्याच्या टोकाचा नको, देठाच्या बुडाचा हवा, आणि त्याआधी आयोडीन फवारून पाहा.

लुगॉलचं आयोडीन ही जुनी, साधी आणि अजूनही हुशार युक्ती आहे. अन्ननलिकेच्या निरोगी स्क्वॅमस पेशींत ग्लायकोजेन असतं, ते आयोडीनने गडद तपकिरी होतं. कर्करोगाकडे झुकलेल्या पेशींत ग्लायकोजेन घटलेलं असतं, तो भाग फिका राहतो आणि दोन-तीन मिनिटांत गुलाबी छटा धरतो. इथे देठाच्या बुडाभोवती अनियमित किनारीचा फिका पट्टा उमटला आणि तो गुलाबी झाला. साध्या प्रकाशात ती जागा निर्दोष दिसत होती.

तिसरी बायोप्सी त्या पट्ट्यातली. वरच्या थरात स्क्वॅमस कार्सिनोमा-इन-सिटू, म्हणजे अजून खाली न उतरलेला कर्करोग, एका कोपऱ्यात खाली उतरलेली स्क्वॅमस कर्करोगाची बेटं, आणि त्या बेटांच्या कडेने पेशी लांबट होत होत स्पिंडल पेशींत विरघळताना दिसत होत्या. सीमा कुठेच ठळक नव्हती. मी तात्पुरता अहवाल मागे घेतला आणि नवा दिला: स्पिंडल सेल स्क्वॅमस कार्सिनोमा, म्हणजे ज्याला बरेच जण अजून कार्सिनोसार्कोमा म्हणतात.

नावांची गुंतागुंत

या गाठीला किती नावं आहेत हे पाहिलं की तिच्याबद्दलचा गोंधळ लक्षात येतो: कार्सिनोसार्कोमा, सूडोसार्कोमा, सार्कोमॅटॉइड कार्सिनोमा, पॉलिपॉइड कार्सिनोमा, स्पिंडल सेल कार्सिनोमा. नावं बदलत गेली ती नुसत्या आवडीने नव्हे. प्रत्येक नावामागे गाठ कशी बनते याची एक कल्पना होती. ‘सूडोसार्कोमा’ म्हणणाऱ्यांना वाटे की खरा कर्करोग फक्त स्क्वॅमस भाग आहे आणि स्पिंडल पेशी म्हणजे शरीराची भडकलेली प्रतिक्रिया. ‘कार्सिनोसार्कोमा’ म्हणणाऱ्यांच्या मते दोन्ही भाग दुष्ट होते, कदाचित दोन वेगळ्या गाठी एकमेकींवर आदळल्या होत्या. पुढे लसिकाग्रंथींत आणि फुप्फुसांत निव्वळ स्पिंडल पेशींच्या गाठी सापडल्या आणि प्रतिक्रियेची कल्पना मागे पडली. दोन्ही भागांत टीपी५३ जनुकाचं तंतोतंत तेच उत्परिवर्तन सापडू लागलं, तेव्हा टकरीची कल्पनाही टिकेना. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या वर्गीकरणात ही गाठ स्क्वॅमस कार्सिनोमाचाच स्पिंडल सेल उपप्रकार म्हणून नोंदली आहे.

या नावबदलाचा रुग्णाशी थेट संबंध आहे. सार्कोमा म्हटलं की सार्कोमाची औषधं आणि सार्कोमाची शस्त्रक्रिया, म्हणजे लसिकाग्रंथींकडे फारसं न पाहणारी. माझा दुसरा अहवाल तसाच राहिला असता तर या माणसाच्या ग्रंथी कदाचित पूर्ण काढल्या गेल्या नसत्या.

किती खोल?

सीटी स्कॅनच्या पहिल्या वाचनात ‘भिंत ४ सेंमी जाड, बहुधा टी३’ असं आलं. घरच्यांनी ते वाचलं, आणि मुलाचा प्रश्न तिथूनच आला होता. रेडिओलॉजिस्टने दुर्बिणीची चित्रं पाहून तोच स्कॅन पुन्हा वाचला. गोळ्याभोवती हवेची बारीक चंद्रकोर दिसत होती, आणि तिच्या बाहेरची भिंत पातळ होती. जाड वाटलेली गोष्ट भिंत नव्हतीच. फुगलेल्या नळीत बसलेली ती गाठ होती. कडेने सरकवलेल्या बारीक अल्ट्रासाउंड प्रोबने देठाजवळ पाहिलं तर गाठ सबम्युकोसात, म्हणजे अस्तराखालच्या थरात, उतरलेली, पण स्नायूचा थर सलग. पेट स्कॅनमध्ये (त्यात जास्त साखर खेचणाऱ्या पेशी उजळतात) गोळा झगझगीत, दूर कुठे काही नाही, उजव्या बाजूला वरच्या छातीत ७ मिमीची एक ग्रंथी किंचित उजळ. तिच्यापर्यंत सुई नेण्याची वाट नव्हती.

अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या टप्प्यांत आकार मोजला जातच नाही. स्तनाच्या गाठीत सेंटीमीटर मोजतात, इथे थर मोजतात. श्लेष्मल थरातच असेल तर टी१ए, सबम्युकोसात गेली तर टी१बी, स्नायूत टी२, बाहेरच्या आवरणात टी३, शेजारच्या अवयवात टी४. म्हणजे ९ सेंमीचा हा गोळा, त्याचं मूळ जिथवर गेलं होतं त्या हिशोबाने, टी१बी होता. अन्ननलिकेच्या कर्करोगांत बहुधा २ टक्क्यांहूनही कमी असणाऱ्या या गाठीचं हेच वैशिष्ट्य: दिसायला सर्वांत भीषण, मुळाने बऱ्याचदा उथळ.

हे ऐकून मुलाच्या चेहऱ्यावर जो दिलासा उमटला असेल तो मी समजू शकतो. पण पुढचं वाक्य त्याच श्वासात सांगायला हवं होतं.

अन्ननलिकेत उथळ म्हणजे सुरक्षित असं होत नाही. तिच्या सबम्युकोसात लसिकावाहिन्यांचं जाळं लांबीच्या दिशेने, वर मानेपर्यंत आणि खाली पोटापर्यंत धावतं. कर्करोग त्या थरात शिरला की त्याला भिंत ओलांडायची गरजच उरत नाही. आडवं जाण्याआधी तो उभा जातो. आतड्याच्या बऱ्याच भागांना असलेलं बाहेरचं सिरोसाचं आवरणही अन्ननलिकेच्या बहुतांश लांबीला नसतं.

बैठक

उपचार ठरवणारी बैठक लांबली. आधी किरणोपचार आणि केमो देऊन मग शस्त्रक्रिया करावी, असं एका बाजूचं मत होतं. त्याला मोठा आधार होता तो क्रॉस चाचणीचा. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत आठवड्याला एक असे ५ कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल आणि २३ भागांत ४१.४ ग्रे किरण देऊन मग शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांचं मध्यमान आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ४९.४ महिने भरलं, नुसत्या शस्त्रक्रियेच्या गटाचं २४. स्क्वॅमस कर्करोगात तर ४९ टक्के रुग्णांत काढलेल्या अन्ननलिकेत गाठ शिल्लकच नव्हती.

पण क्रॉसमध्ये ८ सेंमीपेक्षा लांब गाठी घेतल्याच नव्हत्या. नेहमीच्या कर्करोगात लांबी म्हणजे भिंतीतला पसारा, म्हणून तिथे ते बरोबर होतं. आमचा गोळा ९ सेंमी लांब होता, भिंतीतलं त्याचं बूड मात्र २ सेंमीच्या आतबाहेर. म्हणजे निकषाच्या शब्दांनी हा रुग्ण बाहेर, निकषाच्या हेतूने आत. शिवाय त्या चाचणीत स्पिंडल पेशींच्या गाठींचं वेगळं उत्तर शोधलेलं नव्हतं, आणि हा भाग किरणांना किती दाद देतो याची हमी कुणी देईना. गोळा वाट अडवून बसलेला, माणूस दर आठवड्याला किलोभर झिजत चाललेला. उजळ ग्रंथी ७ मिमीची, संशयित, सिद्ध नाही.

शेवटी आधी शस्त्रक्रिया ठरली, अट एकच: ग्रंथी छातीतल्या आणि पोटातल्या, दोन्ही क्षेत्रांतल्या काढायच्या, आणि आवाजाच्या नसांलगतच्याही. मी तेव्हा या निर्णयाच्या बाजूने होतो. आज त्याबद्दल तेवढा ठाम नाही, आणि त्याचं कारण पुढे येईल.

काढलेली अन्ननलिका

नमुना उघडला तेव्हा एक गोष्ट लगेच दिसली: इतका मोठा गोळा १.८ सेंमी रुंदीच्या देठावर तोललेला होता. आतून पांढुरका, माशाच्या मांसासारखा, मध्ये मध्ये रक्तस्राव. दोन जागी सुरीला खरखर लागली. तिथे स्पिंडल पेशींनी कच्चं हाड, म्हणजे ऑस्टिऑइड, बनवायला घेतलं होतं. अन्ननलिकेच्या अस्तरातून निघालेल्या पेशी हाड घडवू लागतात, हे पुस्तकात शंभरदा वाचलं तरी प्रत्यक्ष स्लाइडवर पाहताना थक्क व्हायला होतं.

गाठीचा साधारण ८५ टक्के भाग स्पिंडल, उरलेला स्क्वॅमस, तोही मुख्यतः देठात आणि बुडाशी. सबम्युकोसात १.४ मिमी शिरकाव. स्नायू मोकळा. कडा मोकळ्या. पण देठातल्या दोन लसिकावाहिन्यांत गाठीच्या पेशी बसलेल्या. काढलेल्या ३१ ग्रंथींपैकी २ बाधित: एक गाठीलगत, तिच्यात स्क्वॅमस पेशी; दुसरी उजव्या आवाजाच्या नसेजवळ, तीच ७ मिमीची, तिच्यात निव्वळ स्पिंडल पेशी. मधल्या ग्रंथी कोऱ्या. टप्पा पीटी१बी एन१, म्हणजे दोन-बी.

तो दुसऱ्या ग्रंथीचा छेद मी बराच वेळ पाहत बसलो. पेशींचा एक प्रकार शेजारी गेला, दुसरा उभ्या वाटेने लांबवर चढला, आणि दोघे एकाच घरातले.

पेशी रूप का बदलते

स्क्वॅमस पेशी स्वभावाने शेजार धरणारी असते. ई-कॅडहेरिन आणि डेस्मोसोम तिला बाजूच्या पेशींशी बांधून ठेवतात, केराटिनचं जाळं तिला आकार देतं. पण गर्भाच्या वाढीत याच जातीच्या पेशींना बंध सोडून चालत जावं लागतं. तसं न घडतं तर न्यूरल क्रेस्टच्या पेशी आपापल्या जागी पोचल्याच नसत्या. जखम भरतानाही हीच सोय थोडी वापरली जाते. अस्तराची पेशी जेलमध्ये ठेवली की ती मेसेन्काइमच्या, म्हणजे गर्भातल्या सुट्या फिरणाऱ्या, पेशीसारखी चालू लागते, हे एलिझाबेथ हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२मध्ये दाखवलं. या रूपांतराला आज ईएमटी (एपिथेलियल-मेसेन्काइमल ट्रान्झिशन) म्हणतात. स्नेल, ट्विस्ट आणि झेब१ हे नियंत्रक ई-कॅडहेरिनचं जनुक दाबतात, केराटिन ओसरतं, व्हिमेंटिन चढतं, पेशी लांबट होते आणि सुटी होते.

बहुतेक कर्करोगांत हे रूपांतर अर्धवट, तात्पुरतं आणि डोळ्यांना न दिसणारं असतं. गाठीच्या पुढच्या कडेला काही पेशी तशा होतात, दूर जाऊन पुन्हा मूळ रूप घेतात. आमच्या गाठीत ते उघड्यावर, सेंटीमीटरच्या मापाने घडलं होतं. स्क्वॅमस बेटांत ई-कॅडहेरिनची पेशीपटलावर ठसठशीत रेषा होती, सीमेवर ती तुटक, स्पिंडल भागात नाहीशी. झेब१ बरोबर उलट. दोन्ही भाग वेगळे खरवडून जनुकं वाचली तेव्हा टीपी५३चं एकच उत्परिवर्तन दोन्हीकडे होतं.

मग ही सैल झालेली गाठ भिंतीत खोल न जाता पोकळीत का वाढली? पटण्यासारखं स्पष्टीकरण असं, की स्पिंडल भाग भराभर वाढतो, पोकळीत त्याला विरोध सर्वांत कमी असतो, आणि प्रत्येक गिळण्याबरोबर येणारी आकुंचनाची लाट त्याला खाली ओढत देठ लांबवते. किती भाग गाठीचा स्वभाव आणि किती नळीचं यंत्रशास्त्र, हे वेगळं काढणं अवघड आहे.

आयोडीनने दाखवलेला फिका पट्टा इथे पुन्हा आठवावा. १९५३मध्ये स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगात सांगितलं होतं की धुराने आणि दारूने एखादी पेशी बिघडत नाही, सगळं शेत बिघडतं. म्हणून या गृहस्थांचा घसा आणि स्वरयंत्र शस्त्रक्रियेआधीच कान-नाक-घसा तज्ज्ञाने तपासलं होतं, आणि पुढे दर वर्षी तपासायचं ठरलं.

‘किती दिवस?’

अहवालानंतर मुलाने मला भेटायची परवानगी मागितली. पॅथॉलॉजिस्टला असं कुणी सहसा भेटत नाही. त्याने वाचलं होतं की या प्रकारच्या गाठीचं भवितव्य नेहमीच्या कर्करोगापेक्षा चांगलं असतं. वाचलेलं खोटं नव्हतं. जुन्या लेखमालांत तसं लिहिलेलं आढळतं. पण त्यामागची गोम त्याला सांगणं मला माझं काम वाटलं.

हा गोळा पोकळी लवकर अडवतो, म्हणून माणूस लवकर येतो, म्हणून मूळ उथळ असताना सापडतं. सगळे रुग्ण एकत्र मोजले तर साहजिकच सरासरी बरी दिसते. त्यात गाठीच्या चांगुलपणाचा काही वाटा नाही. तिने स्वतःच दिलेल्या वर्दीचा आहे. एकाच खोलीच्या, एकाच टप्प्याच्या गाठी समोरासमोर ठेवल्या की हा फायदा फारसा उरत नाही, आणि ग्रंथींत शिरलेली असली तर रक्तावाटे फुप्फुसाकडे किंवा यकृताकडे जाण्याची भीती खरी असते. शिवाय इतक्या दुर्मीळ आजारातल्या लेखमाला दोन-तीन दशकांत थोडे थोडे रुग्ण जमवून बनतात. त्या काळात नावं बदलतात, टप्पे मोजण्याची पद्धत बदलते, स्कॅन सुधारतात, आणि छापून येतात ते बऱ्याचदा विलक्षण रुग्ण.

‘मग बाबांचं काय?’ त्याने विचारलं.

मी कागदावर तीन गोष्टी लिहून दाखवल्या. मूळ उथळ आणि कडा मोकळ्या, हे बाजूने. लसिकावाहिन्यांत पेशी आणि २ ग्रंथी बाधित, हे विरुद्ध. आणि लांबच्या ग्रंथीत गेलेल्या पेशी स्पिंडल रूपातल्या, म्हणजे प्रवास करण्याची क्षमता याच भागात सिद्ध झालेली. महिन्यांचा आकडा मी दिला नाही. त्याने तो दोनदा मागितला. मध्यमान म्हणजे निम्मे त्याआधी आणि निम्मे त्यानंतर, तुमचे वडील कोणत्या निम्म्यात हे मला स्लाइडवरून सांगता येत नाही, एवढं म्हणालो. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

शस्त्रक्रियेनंतर

पुढे औषध द्यावं की नुसती देखरेख ठेवावी? जपानमधल्या जेसीओजी ९२०४ चाचणीत स्क्वॅमस कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर सिस्प्लॅटिन आणि ५-फ्लुरोयुरॅसिलचे दोन हप्ते दिले, तेव्हा ५ वर्षांनी रोगमुक्त राहिलेले ४५ टक्क्यांवरून ५५ टक्के झाले. एकूण आयुष्यातला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. त्याच गटाच्या जेसीओजी ९९०७ चाचणीने दाखवलं की तीच औषधं शस्त्रक्रियेआधी दिली तर जास्त उपयोगी पडतात: ५ वर्षांनी ५५ टक्के जिवंत, विरुद्ध ४३. हा आकडा वाचला की ती बैठक आठवते. ७ मिमीच्या ग्रंथीवर संशय असताना आधी औषध द्यायला हवं होतं का? गोळ्याने अन्न अडवलं होतं हे खरं, पण पोटात नळी टाकून आहार देत थांबता आलं असतं. आज तसा रुग्ण आला तर मी बैठकीत आधी औषधाच्या बाजूने बोलेन.

प्रतिकारशक्तीचा लगाम सोडणाऱ्या निव्होलुमॅब या औषधाचाही विचार झाला. चेकमेट ५७७मध्ये त्याने रोगमुक्त काळ ११ महिन्यांवरून २२.४ महिन्यांवर नेला, पण ते रुग्ण आधी किरण-केमो घेतलेले आणि तरीही गाठ शिल्लक राहिलेले होते. आमचा रुग्ण त्या वाटेने आलेलाच नव्हता. सिस्प्लॅटिनचे दोन हप्ते दिले गेले. ते त्यांनी सोसले.

१४व्या महिन्यात डाव्या फुप्फुसात दोन गाठी दिसल्या, ११ आणि १४ मिमी. ११ मिमीची निदानासाठी काढली, दुसरी उपचाराचा परिणाम मोजण्यासाठी ठेवली. स्लाइडवर निव्वळ स्पिंडल पेशी. धूम्रपान केलेल्या माणसाच्या फुप्फुसात अशा पेशी दिसल्या की तिथलाच नवा सार्कोमॅटॉइड कर्करोग असू शकतो, आणि पी४० मोजक्या पेशींत रंगलं यावरून तो नाकारता येत नव्हता. या वेळी मी घाई केली नाही. जनुकं वाचली: टीपी५३चं तेच उत्परिवर्तन, अन्ननलिकेच्या दोन्ही भागांत होतं तेच. तिसरं ठिकाण, एकच कूळ.

या गाठीवर पीडी-एल१, म्हणजे प्रतिकारशक्तीला थोपवणारं प्रथिन, भरपूर होतं. स्पिंडल भागात ते पुष्कळदा तसं असतं. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या कीनोट ५९० चाचणीत, स्क्वॅमस कर्करोग आणि पीडी-एल१चा संयुक्त गुणांक १० किंवा अधिक असलेल्या रुग्णांत केमोला पेम्ब्रोलिझुमॅब या निव्होलुमॅबच्याच जातीच्या औषधाची जोड दिल्यावर मध्यमान आयुष्य ८.८ महिन्यांवरून १३.९ झालं होतं. गाठ स्क्वॅमसचाच उपप्रकार आहे, हे वर्गीकरण इथे औषधाचं दार उघडून गेलं, आणि तोच उपचार सुरू झाला. सार्कोमा या नावाखाली हे दार बहुधा बंद राहिलं असतं.

२७व्या महिन्याच्या स्कॅनमध्ये मागे ठेवलेली १४ मिमीची गाठ आक्रसून ५ मिमीवर आली. नवी कुठे नाही. वर सरकवलेल्या जठरामुळे ते थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खातात. घट्ट घासही उतरतो. मुलाने परवा फोन करून विचारलं की तीन गोष्टींच्या त्या कागदावर आता चौथी लिहायची का. मी म्हणालो, पुढचा स्कॅन तीन महिन्यांनी आहे, तो पाहून लिहू.